दहा महिने गावातल्या मालाची विमानं उडवली: फोम बोर्ड आणि बांबू पास, ग्लू गन नापास

आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी साडेपाचला, चोपड्याबाहेरच्या मोकळ्या वावरात माझ्या रिमोटवर उडणाऱ्या चौथ्या विमानाची मोटर माउंटसकट, म्हणजे ती बसवलेल्या पाटीसकट, निखळली. मोटर वायरींना लोंबकळली, नाक वर गेलं, वेग संपला आणि विमान उभंच्या उभं ढेकळांत आलं. पंख आणि शेपटी शाबूत, पुढचा भाग मात्र चेंदामेंदा. माउंट मी ग्लू गनने, म्हणजे तापवून वितळवलेल्या गोंदाच्या कांडीने, चिकटवला होता. त्या दिवसापासून ग्लू गनवर माझा राग आहे आणि हा अनुभव मुख्यतः त्या रागातूनच लिहितोय.

सेटअप नेहमीचाच: धडाच्या वर बसवलेला एक मीटरचा पंख, २२१२ मापाची मोटर, तिचा वेग सांभाळणारा ३० अँपिअरचा ईएससी, २२०० एमएएचची तीन सेलची बॅटरी. इलेक्ट्रॉनिक्स बाहेरूनच मागवावं लागतं, त्याला इलाज नाही. पण बालसा, म्हणजे विमानांसाठी वापरतात ते अगदी हलकं लाकूड? दोनदा मागवलं, दोन्ही वेळा कुरिअरमध्ये पट्ट्या तुटून आल्या, आणि विक्रेत्याने ‘पॅकिंग फोडतानाचा व्हिडिओ नाही’ म्हणून पैसे परत द्यायला नकार दिला. तेव्हा ठरवलं की गावात आणि जळगावात मिळेल त्यातच विमान करायचं.

सुरुवातच चुकली. फ्लेक्सवाल्याकडून ‘सनबोर्ड’ आणला. या नावाखाली आपल्याकडे दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक पीव्हीसीची, कापायला गुळगुळीत आणि दिसायला सुंदर. दुसरी म्हणजे दोन कागदांमध्ये फोम असलेला बोर्ड, मुलांच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी स्टेशनरीत मिळतो तो. मी पीव्हीसीचा घेतला. पहिलं विमान जमिनीवरून उचललंच नाही. मग सराफी दुकान असलेल्या मित्राच्या काट्यावर एक-एक चौरस फुटाचे तुकडे वजन केले. तीन मिलीमीटरचा पीव्हीसी १५२ ग्रॅम, पाच मिलीमीटरचा कागदी फोम बोर्ड ५१, तीन मिलीमीटरची सनपॅक शीट ४६, दहा मिलीमीटरचा थर्माकोल १४. पंखाला वरखाली मिळून चार चौरस फुटांच्या आसपास माल लागतो, म्हणजे फरक चारशे ग्रॅमचा, जवळजवळ दोन बॅटऱ्यांचा. हा काटा आधी गाठला असता तर एक महिना वाचला असता. काहीही विकत घेण्याआधी वजन करा, दुकानदाराच्या नावावर जाऊ नका.

सनपॅक म्हणजे निवडणुकीत खांबांवर लटकणाऱ्या पाट्यांची शीट. निकालानंतर कार्यकर्त्यांकडून गठ्ठाभर फुकट मिळाली. आपटून आपटून शिकायचं असेल तर याच्यासारखा माल नाही, कारण ती फुटत नाही, फक्त चुणी पडते. पण तिला फेव्हिकॉल धरत नाही, केबल टायने बांधावी लागते. माझं दुसरं विमान तिचं आहे, अजून उडतंय.

थर्माकोलची सजावट २०१८ च्या बंदीनंतर दुकानांतून गेली, पण फ्रिज-टीव्हीच्या खोक्यांतला मिळतो. जुन्या शेगडीच्या कॉइलची तार ताणून बारा व्होल्टवर तापवली की लोण्यासारखा कापला जातो. त्याला चपलांना लावायचं सोल्युशन किंवा स्प्रे पेंट लावू नका, भोक पडतं.

आता बांबू. ह्याच्याबद्दल मी आधी साशंक होतो. पतंगाच्या कामट्या वापरल्या, त्या फार बारीक पडल्या. लहानपणी ज्वारीच्या धांड्याच्या गराच्या बैलगाड्या करायचो, म्हणून पंखाच्या रिबा (आतल्या आडव्या फासळ्या) तशाही करून पाहिल्या. वजन नावालाच, पण दोन महिन्यांत किडीने पोखरल्या. शेवटी बाजारातल्या बुरुडकाकांकडे गेलो. त्यांनी सहा बाय तीन मिलीमीटरच्या कामट्या तासून दिल्या आणि एक वाक्य सांगितलं: “साल बाहेर ठेवजो भाऊ, आतला गर नुसता भरतीचा.” बांबूचे घट्ट धागे सालीकडेच असतात. पंखाच्या खालच्या बाजूची कामटी साल खाली ठेवून चिकटवली आणि दोन टोकं धरून विमान उचललं तर पंख वाकला, पण सरळ झाला. मीटरभर कामटी बारा-तेरा ग्रॅम. अशा दोन घातल्या की पुरे. साठ रुपयांत सहा कामट्या आल्या.

सर्व्हो (पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) पासून जाणाऱ्या कंट्रोलच्या तारांसाठी मोडक्या छत्रीच्या काड्या आणि त्यावर ठिबकची बारीक नळी, हे जळगाव जिल्ह्यात कुठल्याही शेतात पडलेलं असतं. उत्तम चालतं.

तर ग्लू गन. विमान पडल्यावर आधी मी फोम बोर्डाला दोष दिला, वाटलं कागद सुटला असेल. तुकडे उचलून पाहिले तर कागद जागच्या जागी, प्लायचा माउंट स्वच्छ, आणि मधली ग्लूची चकती च्युइंगमसारखी ओढली जात होती. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो. विमान आधी तासभर दुचाकीवर उन्हात बांधलेलं होतं, नाक काळ्या रंगाचं, त्यात मोटरची स्वतःची उष्णता. ग्लूची कांडी वितळण्याच्या बऱ्याच आधी मऊ पडते. हे व्हिडिओंमध्ये कोणी सांगत नाही, कारण ते थंड प्रदेशात बसून विमानं करतात. थंडीत डिसेंबर-जानेवारीत हाच जोड मी लाथ मारून तपासला होता, हलला नव्हता. म्हणून हिवाळ्यातल्या भरवशावर उन्हाळ्यात उडवू नका.

आता माउंटला दोन ट्यूबवालं अ‍ॅराल्डाइट, आरपार बांबूच्या चार खुंट्या आणि वर केबल टाय. नाक पांढरं केलं. कामटीला फेव्हिकॉल, पण थर्माकोलवर तो वाळायला दोन दिवस लागतात, घाई करू नका. ग्लू गन फक्त सर्व्होच्या वायरी बसवायला ठेवलीये. मे महिन्यात असं बांधलेलं विमान मुद्दाम दीड तास उन्हात ठेवून उडवलं, माउंट हाताने ओढून पाहिला, जागचा हलला नाही.

उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या ड्रोन-नकाशावर जागा बघून घ्या, जळगाव विमानतळाच्या आजूबाजूला तर नकोच.

सध्या श्रावणातल्या दमटपणात फोम बोर्डाचा कागद कडेने सुटतोय. कडांवर टेप मारला तर खाकी टेपचा गोंद घसरतो, पारदर्शक त्यापेक्षा बरा टिकतोय. कडा फेव्हिकॉलात पाणी मिसळून रंगवलेला एक तुकडा पत्र्याखाली टांगलाय, पोळ्यापर्यंत कळेल.