सबवूफरचा बॉक्स: दुरुस्त करायचा की नवा बांधायचा?

बेस भसाभसा येतो, मधूनच फुसफुस ऐकू येते, तर दोष बहुधा स्पीकरचा नसून बॉक्सच्या सांध्यांचा असतो. मध्यम आवाजात बेस वाजवून सांध्यांवरून ओला हात फिरवा. गळणारी हवा लगेच जाणवते.

नुसता सांधा सुटला असेल तर दुरुस्तीच बरी. जुना गोंद खरवडून काढा, नवा लाकडाचा गोंद भरा, क्लॅम्पने रात्रभर आवळून ठेवा. आतून सिलिकॉन फिरवलंत तर ते पूर्ण सुकेपर्यंत स्पीकर बसवू नका. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनच्या वाफा धातूच्या भागांना गंज आणू शकतात. आतला जुना कापूसही, ओला झाला असेल तर, बदला.

पण बॉक्सचं एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) पाण्याने फुगलं असेल तर गोष्ट वेगळी. फुगलेला भुसा पुन्हा घट्ट होत नाही, स्क्रूही धरत नाही. तिथे पुट्टी म्हणजे फक्त रंगरंगोटी! नवा बॉक्स 18 मिमी एमडीएफचा किंवा ओल सोसणाऱ्या चांगल्या प्लायवूडचा करा. आतलं घनफळ मात्र स्पीकरच्या माहितीपत्रकाप्रमाणेच हवं. पोर्टेड बॉक्स, म्हणजे हवा ये-जा करायला नळी (पोर्ट) असलेला, असेल तर पोर्टची लांबी-रुंदीही अंदाजाने ठरवू नका, ट्यूनिंग बिघडतं.