जर्मन भूतकाळ: आधी पेर्फेक्ट की प्रेटेरिटुम?

‘मी काल पाव घेतला’ हे जर्मनमध्ये दोन तऱ्हांनी सांगता येतं. पेर्फेक्टमध्ये ‘इश हाबे गेस्टर्न ब्रोट गेकाउफ्ट’, तर प्रेटेरिटुममध्ये ‘इश काउफ्टे गेस्टर्न ब्रोट’. अर्थ जवळपास तोच. बोलताना आणि मेसेजमध्ये पेर्फेक्ट चालतो; कथा-कादंबऱ्या, बातम्यांत प्रेटेरिटुम. दक्षिण जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या बोलण्यात तर प्रेटेरिटुम फारसा उरलेलाच नाही.

दिसायला प्रेटेरिटुम सोपा: एकच क्रियापद, दुसऱ्या जागी. पण गेएनचं (जाणं) गिंग, फारेनचं (वाहनाने जाणं) फूर, एसेनचं (खाणं) आस अशी रूपं पाठच करावी लागतात. शिवाय वर्तमानकाळातल्या ‘एर गेट’ (तो जातो) मधल्या शेवटच्या ‘ट’ची सवय इथे नडते. ‘एर गिंग’ बरोबर, ‘गिंग्ट’ चूक.

पेर्फेक्टमध्ये हाबेन (रूपं: हाबे, हाट) किंवा झाइन (बिन, इस्ट) हे सहाय्यक क्रियापद दुसऱ्या जागी आणि मुख्य क्रियापद थेट शेवटी. शेवटचं क्रियापद आपल्याला नवं नाही. चूक होते ती सुरुवातीला. ‘गेस्टर्न इश हाबे’ नव्हे, ‘गेस्टर्न हाबे इश’. काळवाचक शब्द पुढे आला की कर्ता क्रियापदामागे जातो.

खरी अडचण हाबेन की झाइन, ही. मराठीत ‘त्याने’ येत असेल तर बहुधा हाबेन: त्याने गाडी चालवली, ‘एर हाट डास आउटो गेफारेन’. ‘तो गाडीने गेला’ मात्र ‘एर इस्ट मिट डेम आउटो गेफारेन’. ‘त्याने उडी मारली’ इथे हा आडाखा फसतो, कारण उडी ही हालचाल, म्हणून झाइन. उलट ‘तो झोपला’ला ‘ने’ नाही, तरी हाबेनच. झोपेत जागा बदलत नाही, अवस्थाही तीच राहते. ‘झोप लागली’ म्हणजे आइनश्लाफेन, तिथे अवस्था बदलते, म्हणून झाइन. ब्लाइबेन, म्हणजे थांबून राहणं, यात काहीच बदलत नाही, तरी त्याला झाइन. तो अपवाद पाठच करा.

बोलायला, नोकरीसाठी किंवा ए-वन या पहिल्या पातळीच्या परीक्षेसाठी शिकत असाल तर आधी पेर्फेक्टच घ्या. त्याच्या जोडीला प्रेटेरिटुममधली मोजकीच रूपं: वार (होतो), हाटे (जवळ होतं), मुस्टे (करावं लागलं), कॉन्टे (जमलं), वॉल्टे (हवं होतं). बोलताना सर्रास हीच येतात. ‘मी आजारी होतो’ला ‘इश बिन क्रांक गेवेझेन’पेक्षा ‘इश वार क्रांक’ सुटसुटीत. फक्त जर्मन ग्रंथ वाचायचे असतील तरच क्रम उलटा करावा.