पिकअपची हेडलाइट लुकलुकते: अर्थ, रिले, डायनामो की एलईडी?

बेळगावची भाजी चोर्ला घाटातून गोव्याला नेणाऱ्या पिकअपची हेडलाइट लुकलुकू लागली, की ड्रायव्हरला चार सल्ले हमखास मिळतात: अर्थ (दिव्याची मायनसची, पत्र्याला जोडलेली वायर) साफ कर, रिले (छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घाल, डायनामो (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर) उघड, नाहीतर सरळ एलईडी टाक. पहिले तिन्ही खरे आहेत, पण तीन वेगळ्या दुखण्यांवरचे. चौथ्याने दुखणे बहुतेक वेळा नुसते झाकले जाते.

खर्च करण्याआधी लाइट कशी लुकलुकते ते पाहा. खड्ड्यात आपटल्यावर एकच बाजू मिचकावत असेल तर बल्बचा होल्डर किंवा त्या बाजूचा अर्थ. इंडिकेटरच्या तालावर हेडलाइट मंद होत असेल तरीही आधी अर्थच. दोन्ही दिवे इंजिनच्या रेसबरोबर कमी-जास्त होत असतील तर चार्जिंग. डिपर (लो-हाय बीमचा स्विच) हलवल्यावर दिवे जाऊन येत असतील, किंवा स्टिअरिंगखाली जळका वास येत असेल, तर स्विचचे पॉइंट, म्हणजे आतले एकमेकांना टेकणारे धातूचे तुकडे.

नंतर मल्टिमीटर. लाइट चालू ठेवून, बल्ब होल्डरमध्येच असताना, मागच्या बाजूने मीटरच्या टोकदार पिना (प्रोब) लावायच्या. बल्ब काढून मोजले तर करंटच वाहत नाही आणि कुजलेली वायरही चांगली दिसते. बॅटरीच्या मायनसपासून होल्डरच्या अर्थ पिनपर्यंत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आले तर अर्थ खराब. बॅटरीच्या प्लसपासून होल्डरच्या लाइव्ह पिनपर्यंत ०.५ च्या वर गेले तर स्विच किंवा वायर व्होल्टेज खाते आहे. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ हवेत.

अर्थ आणि रिले यांत आधी अर्थ, कारण त्याला पैसे जवळजवळ लागतच नाहीत. बोल्ट सोडा, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) आणि पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, दातेरी वायसर घालून आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. बॅटरीच्या मायनसची जाड केबल चेसिसला आणि इंजिनला जिथे जोडलेली असते ते टोकही सोडून बघा. गोव्याहून परतताना मासळी भरणाऱ्या गाडीत बर्फाचे खारे पाणी ठिबकते. तिथे हा सांधा बाहेरून ठीक दिसतो आणि आत हिरवा पडलेला असतो. खानापूर, कणकुंबीकडच्या पावसात हेच जरा सावकाश होते.

अर्थ नीट असून प्लसची बाजू व्होल्टेज खात असेल तर रिले. ६०/५५ वॅटच्या दोन एच-फोर (लो-हाय एकत्र असलेल्या हॅलोजन) बल्बांना मिळून ९ ते १० अँपिअर लागतात. ते सगळे डिपर स्विचमधून जात असतील तर पॉइंट काळे पडणारच. रिलेने स्विचला फक्त इशारा द्यायचे काम उरते. लो आणि हाय बीमला एकेक रिले; रिलेच्या पायांवर नंबर असतात, त्यातल्या ३० नंबरला बॅटरीचा प्लस, मध्ये बॅटरीजवळच २० अँपिअरचा फ्यूज; ८७ वरून बल्बकडे २.५ चौरस मिमीची वायर. ८६ ला जुन्या होल्डरची लाइव्ह वायर, ८५ ला अर्थ. रिलेचे पाय खाली ठेवा, पाणी साठत नाही. आधी फ्यूज बॉक्सच्या झाकणावर कंपनीचा रिले दाखवला आहे का ते बघा, असेल तर तोच बदला. नव्या बीएस-सिक्स (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाडीत वायरिंग डायग्राम पाहिल्याशिवाय वायर कापू नका.

रिले घालतोच आहोत तर १००/९० चे बल्ब टाकू, हा मोह टाळा. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर पिवळा पडतो. व्होल्टेज १० टक्के घटले की हॅलोजनचा उजेड साधारण ३० टक्के घटतो; तेवढे परत मिळाले की साधा बल्बही पुरतो.

डायनामोचे काम सगळ्यांत महाग, म्हणून खात्री झाल्यावरच. आधी बेल्टचा ताण बघा. रेस वाढवली की व्होल्टेज १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर (व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग) गेला. मीटर एसीवर ठेवून बॅटरीवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर डायोड (डायनामोतला एसीचा डीसी करणारा भाग) गेला. व्होल्टेज खाली-वर होऊन १३ च्या आत राहत असेल आणि बेल्ट ठीक असेल, तर झिजलेले ब्रश (डायनामोच्या फिरत्या भागाला करंट देणारे कार्बनचे तुकडे) किंवा रेग्युलेटर. चालू इंजिनवर बॅटरीचा टर्मिनल काढून बघण्याची काही गॅरेजांची रीत चांगला डायोडही उडवते. बऱ्याच डिझेल गाड्यांत डायनामोच्या मागेच ब्रेकचा व्हॅक्यूम पंप असतो, त्यामुळे डायनामो परत जोडल्यावर ब्रेक पेडल तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका.

एलईडी कमी करंट घेते, म्हणून जळका स्विच काही दिवस सुटतो. पण डायोड गेलेला असेल तर ती हॅलोजनपेक्षा जास्त फडफडते, आणि हॅलोजनसाठी केलेल्या रिफ्लेक्टरमध्ये तिचा उजेड पसरून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. चोर्ल्याच्या धुक्यात पांढरा उजेड आपल्यावरच उलटतो, पासिंगलाही (आरटीओच्या तपासणीलाही) अडचण येऊ शकते.

आज रात्रीच माल पोचवायचा असेल आणि दोष अर्थचा असेल, तर होल्डरच्या अर्थ पिनपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत तात्पुरती वायर ओढून निघता येते. दोष चार्जिंगचा असेल तर घाटात उतरू नका. बॅटरी वाटेत संपली की दिवेही गेले आणि स्टार्टरही.