लोकरीचा गालिचा की पॉलिएस्टरचा?

आमच्या यवतमाळकडच्या घरात दोन्ही आहेत आणि दिवाणाच्या पायांखाली दोन्ही दबले. लोकरीच्या धाग्याला मुळातच नागमोडी वळण असतं. ओलं फडकं अंथरून वरून इस्त्रीची वाफ दिली, बोटांनी लव उकलली, की ती बरीचशी उभी राहते. पॉलिएस्टर एकदा चेपलं की सहसा उठत नाही; गरम इस्त्री टेकली तर वितळतंच. स्वस्त मात्र तेच, वाळतंही लवकर. लोकरीला कसर लागते, पावसाळा सरला की उन्हात घालावीच लागते.

वावरातून पायांबरोबर येणारी माती दोघांचीही वैरी: बारीक रेती मुळाशी बसून धागा झिजवते. आठवड्याला उलटा करून झटका, अधूनमधून दिशा फिरवा. बैठकीत मी लोकरीचाच अंथरीन.