त्याने कापड विचारलं नाही, बस विचारली

४८,६६५ रुपये. मुलीच्या मोज्यांवर नाव असावं म्हणून.

आकडा आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना "पण या फसवणुकीत नक्की गेले किती?" हा प्रश्न मनात घोळायला नको. तो मला आतापर्यंत निदान तीस जणांनी विचारलाय आणि प्रत्येकाने आकडा ऐकल्यावर तोच चेहरा केलाय. मी हिशोबाचं काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या बिलांतल्या चुका काढते. तेव्हा "अगं, तू असून?" हे वाक्यही ऐकून झालंय. कृपया पुन्हा नको.

सुरुवात शाळेच्या सूचनेने झाली. गणवेश, स्वेटर, रेनकोट, डबा, बाटली, कंपास, बूट, मोजे, प्रत्येक वस्तूवर मुलाचं नाव आणि तुकडी हवी, नाहीतर हरवलेल्या वस्तूला शाळा जबाबदार नाही. शाळा सुरू व्हायला नऊ दिवस होते. गेल्या वर्षी मी मार्करने लिहिलं होतं. तिसऱ्या धुण्यात त्याचा जांभळा डाग झाला आणि नाव गेलं. त्यामुळे पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी नेमटॅगची जाहिरात टाकली तेव्हा मी एकटीच नाही, आम्ही सगळ्याच तुटून पडलो. इस्त्रीने चिकटवायचे साठ, डब्या-बाटलीचे चाळीस स्टिकर, दप्तराला लावायचे दोन टॅग, असा सेट ६९९ ला. पंधराच्या वर सेट घेतले तर ५४९. नाव मराठीतही छापून मिळेल. ती जाहिरात टाकणारीला कुणी पाठवली, तर तिच्या जावेने, आणि जावेला कुणीतरी. मुळाशी कोण, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

वर्गप्रतिनिधी मी. त्यामुळे गोळा करणारी मी, यादी करणारी मी, पैसे पाठवणारीही मी. १७ सेट, ९,३३३ रुपये. त्यातले १६ सेट दुसऱ्यांचे, हे लक्षात ठेवा.

आता तो क्षण. रोज रात्री मी तो परत परत बघते.

टॅग विकणाऱ्याने एक फॉर्म पाठवला. मुलाचं नाव, इयत्ता, तुकडी, शाळा, आई-वडिलांचे नंबर. इथपर्यंत ठीक. टॅगवर छापायचंच तर सांगावं लागणारच. पुढे बसचा नंबर, बस कुठे आणि किती वाजता सोडते, शाळेतून कोण घ्यायला येतं. कारण काय, तर दप्तराच्या टॅगवर मागच्या बाजूला "बस माहिती" छापून मिळेल. किती विचार करतात हो ही माणसं, असं मी चक्क नवऱ्याला म्हटलं!

हे टॅग विकणारा खरा माणूस पहिला प्रश्न कापडाचा विचारतो. सुती आहे की टेरिकॉट? पॉलिस्टर जास्त असेल तर इस्त्री किती गरम ठेवायची ते सांगतो, वाफ बंद करायला सांगतो, वर सुती फडकं ठेवून दाबायला सांगतो. रेनकोटला इस्त्रीचा टॅग चालतच नाही, नायलॉन वितळतं. मोज्यासारख्या ताणल्या जाणाऱ्या कापडावरून बरेच टॅग सुटतात, तिथे शिवायची पट्टीच बरी. हे सगळं मला आता माहीत आहे, कारण नंतर एका शिवणकाम करणाऱ्या काकूंनी पाच मिनिटांत सांगितलं. याने १७ मुलांच्या गणवेशाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. त्याने कापड विचारलं नाही, बस विचारली. आणि मी १६ जणींना "फॉर्म पूर्ण भरा गं" अशी आठवण दोनदा केली.

मग नमुना आला. मुलीचं खरं नाव इथे लिहीत नाही, शर्वरी समजा. खऱ्या नावातही रफार आहे म्हणून हे घेतलं. टॅगवर छापलं होतं "शवर्री". रफार उडून शेवटच्या अक्षरावर बसलेला. माझं डोकंच फिरलं. मराठी छापायला घेता आणि साधा रफार जमत नाही? मी त्याला तीन मेसेज केले, कागदावर लिहून फोटो पाठवला, बाण काढून दाखवला. तो अगदी नम्र. "मॅडम, सॉरी मॅडम, फॉन्टचा प्रॉब्लेम आहे, मशीन परत सेट करावं लागेल, सेटमागे ४९, माल मिळाला की परत." १७ गुणिले ४९, ८३३. हे मी कुणाकडे मागितलेही नाहीत, स्वतःच्या खिशातून भरले. रफारासाठी!

क्यूआर स्कॅन केला की पैसे कुणाच्या खात्यात जाणार ते नाव पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर येतं. दोन्ही वेळा आलं. कुठल्यातरी मोबाइल रिपेरिंगच्या दुकानाचं नाव होतं. मी ते वाचलं. वाचलं नाही असं नाही, हेच तर जळतं. वाटलं, लहान धंदा आहे, भावाचं दुकान असेल, त्याच्या खात्यावर घेत असेल. मुलीच्या नावातली एक खूण सरकली तर मला दिसली, आणि पैसे घेणाऱ्याचं आख्खं नावच वेगळं होतं ते चाललं.

बिलही पाठवलं होतं त्याने. मी उघडलं ते सगळं झाल्यावर. जीएसटी नंबर चौदा आकडी-अक्षरी होता. तो पंधराचा असतो, हे मला झोपेत विचारा. ऑफिसात असं बिल आलं असतं तर मी समोरच्याच्या तोंडावर परत केलं असतं. घरच्या खरेदीला आपण ते डोळे लावतच नाही. तुम्ही लावा. नंबर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं, फुकट.

इथेच थांबलं असतं तर १०,१६६ गेले म्हणून गप्प बसले असते, खरं सांगते.

पाच दिवसांनी फोन आला. सकाळचे साडेअकरा, मी कामात. "शर्वरीची आई बोलताय ना? तिसरी ब? नेमटॅगचं पार्सल आहे, पत्ता अपुरा असल्याने अडकलंय." कुरिअरवाल्याला माझ्या मुलीची तुकडी कशी माहीत, हा प्रश्न पडायला हवा होता. झालं उलटं. तुकडी माहीत आहे म्हणजे आपलंच पार्सल, असं वाटलं. माझ्याकडूनच घेतलेली माहिती मला ओळखपत्रासारखी दाखवली आणि मी ते खरं मानलं. शाळा चार दिवसांवर, १६ आया रोज विचारतायत "आले का गं टॅग?", साहेब केबिनमधून हाक मारतायत. त्याने लिंक पाठवली, ॲप घ्या, पाच रुपये भरा, पत्ता दुरुस्त होईल. घेतलं. मेसेज वाचायची परवानगी मागितली, दिली. कार्डाचा नंबर टाकला.

११:४२ ला २४,९९९ गेले. ओटीपी मी कुणालाही सांगितला नाही. सांगावा लागलाच नाही, ॲपने तो मेसेजमधून स्वतःच उचलला. "ओटीपी कुणाला सांगू नका" एवढंच पाठ केलेल्यांनी हे वाक्य परत वाचा. लिंकवरून आलेलं, प्ले स्टोअरबाहेरचं कुठलंही ॲप घेऊ नका. कुरिअरचं, बँकेचं, लग्नपत्रिकेचं, कसलंच नाही.

११:४९ ला मी बँकेला फोन लावला. मराठीसाठी अमुक दाबा, कार्डासाठी तमुक दाबा, आमच्या नव्या गृहकर्जाविषयी जाणून घ्या. मध्ये ती सनई का काय वाजते ती. ११:५६ ला, ती सनई कानाशी चालू असताना, आणखी १३,५०० गेल्याचा मेसेज आला. माणूस फोनवर आला १२:०४ ला. म्हणजे पंधरा मिनिटं मी बँकेच्या दारात उभी होते आणि माझ्या डोळ्यांदेखत खिसा कापला गेला. त्यामुळे आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका, दुसऱ्याच्या फोनवरून १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा, कार्ड दुसऱ्या फोनवर बँकेचं ॲप उघडून स्वतः बंद करा. सनई नंतर ऐका.

ते पाच रुपये मात्र शेवटपर्यंत कापले गेले नाहीत.

शाखेत गेले. तिथल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "तुम्हीच परवानगी दिलीत ना? मग हा ग्राहकाचा निष्काळजीपणा." बरं, पहिल्या रकमेचं मान्य. पण रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचं, आणि ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करायचं ओझंही बँकेवरच. मी ते छापून नेलं. साहेब म्हणाले, तुमची तक्रार १२:०४ ला नोंदली गेली, १३,५०० गेले ११:५६ ला. अहो, पण मी ११:४९ पासून तुमच्याच फोनवर होते! "ते सिस्टीममध्ये दिसत नाही." माझ्या फोनच्या यादीत दिसतं, ते दाखवलं. "अर्ज द्या, दोन प्रतींत." अर्ज दिला. पोच मागितली तर शिक्का असलेल्या मॅडम जेवायला गेल्या होत्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका, मी पाऊण तास बसले. तीस दिवसांत बँकेने उत्तर दिलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तीही फुकट. माझे एकतीस झाले, केली आहे.

पोलीस चौकीचं काय सांगू. पहिल्या ठिकाणी म्हणाले, हे सायबरचं काम, तिकडे जा. तिकडे म्हणाले, आधी तुमच्या हद्दीत अर्ज द्या. परत पहिल्या ठिकाणी. टेबलामागच्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मोज्यांवर नाव? मार्करने लिहायचं ना, ताई." शेजारचा हसला. मी ४८,६६५ रुपये घालवून त्यांना विनोद पुरवला. कलम कुठलं लावायचं यावर त्यांची आपसात दहा मिनिटं चर्चा. फसवणुकीचं ४२० गेलं, १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेत ते ३१८ झालं, एवढं मी वाचून गेले होते. हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवून घ्यायचा असतो हेही वाचलं होतं, तेही म्हणून दाखवलं. तेव्हा हसणं थांबलं. लगेच गुन्हा नोंदला असं मात्र नाही, "साहेब आले की बघू". तीन फेऱ्या झाल्या. मुलांच्या बसची माहिती त्या माणसाकडे आहे, हे मी प्रत्येक फेरीला सांगितलं. ते कुणीच लिहून घेत नव्हतं, त्यांच्या कागदावर फक्त रकमेचा रकाना होता. शेवटी मीच अर्जात वेगळा परिच्छेद घातला आणि तो वाचून दाखवायला लावला. तुमच्या बाबतीत झालं तर आकड्याआधी हे लिहा.

शाळेने तर हातच झटकले. "टॅग बाहेरून मागवा असं शाळेने सांगितलं नव्हतं." बसच्या वेळा थोड्या बदला, एवढीच विनंती होती. मार्गावर परिणाम होतो म्हणे. बसमधल्या ताईंनी मात्र ऐकलं. आता घ्यायला दुसरं कुणी आलं तर मुलीने आणि त्या माणसाने एक ठरलेला शब्द सांगायचा, तो जुळला तरच ती बसमधून उतरते. शब्द दर सोमवारी बदलतो. तिला तो खेळ वाटतो.

१९३० वर मी त्याच दुपारी तक्रार केली, तिथे नीट लिहून घेतलं. दुसऱ्या रकमेतले काही पैसे कुठल्यातरी खात्यात थांबवलेत असा मेसेज आलाय. ते हातात येतायत का, बघू.

सोळा जणींचे ८,७८४ मी परत केले. बहुतेकींनी नको नको म्हणत घेतले. एकीने मात्र "व्यवहार म्हणजे व्यवहार" असं म्हणून सगळ्यांसमोर ग्रुपवर मागितले. तिची मुलगी आणि माझी एका बाकावर बसतात. असो. एक सांगते, दुसऱ्यांचे पैसे गोळा करून आधी पूर्ण भरायचे नाहीत. माल दाखव, मग पैसे घे, हे म्हणायची लाज वाटून घ्यायची नाही. आणि नाव लावायचं ते आतल्या बाजूने, कॉलरच्या खाली, डब्याच्या तळाला. दप्तरावर बाहेर मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं की रस्त्यावरचा कुणीही मुलीला नावाने हाक मारू शकतो. नाव आणि एक फोन नंबर पुरे. शाळा, बस, वेळ काही नको.

आता काकूंकडून सुती पट्टी आणलीय. तिच्यावर कपड्यांच्या मार्करने लिहायचं, कोरडी इस्त्री फिरवायची म्हणजे शाई पक्की बसते, आणि चार टाके. एका संध्याकाळी अकरा कपडे होतात.

गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या एकीने फोन पुढे केला. तिच्या मुलाच्या शाळेच्या ग्रुपवर आलेली जाहिरात, नंबर वेगळा, धंद्याचं नाव वेगळं, घ्यावेत का असं विचारत होती. नमुन्याचा फोटो मोठा करून पाहिला. गुलाबी टॅग, फुलपाखरू, खाली "तिसरी ब". नाव माझ्या मुलीचं. रफार या वेळी बरोबर जागेवर होता.