‘ला कूर्स’ : कॅमेरा एकट्याचा, कात्री दुसऱ्याची

हौशी पोरापोरींच्या हाती कॅमेरा देऊन त्यांना एकेकट्याने जगभर पाठवायचं, त्यांनी वाटेतून छोटे माहितीपट धाडायचे आणि स्टुडिओतल्या परीक्षकांनी त्यांना गुण द्यायचे, असा ‘ला कूर्स’ (म्हणजे ‘शर्यत’) हा फ्रेंच भाषेतला टीव्ही कार्यक्रम. पहिला अवतार १९७६ ते १९८४, फ्रान्स, स्वित्झर्लंड, लक्झेंबर्ग आणि कॅनडातला फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांत यांचा मिळून. दुसरा १९८८ ते १९९९, कॅनडाच्या रेडिओ-कॅनडा या सार्वजनिक फ्रेंच वाहिनीचा. १९९०-९१ची स्पर्धा जिंकलेले देनी विलनव्ह आज हॉलिवूडचे बडे दिग्दर्शक आहेत. दिग्दर्शक फिलिप फालार्दोही याच स्पर्धेतून आलेले.

स्पर्धेची खरी गोम संकलनात आहे. चित्रण करणारा रस्त्यावर आणि संकलक हजारो मैल दूर. विमानाने फिल्म किंवा टेप जाते, सोबत शॉटची यादी, जोडणीचा क्रम आणि निवेदन. फिल्मच्या काळात तर आपण काय टिपलंय ते स्पर्धकाला दिसतच नाही. त्यामुळे कागद ढिसाळ असेल तर उत्तम चित्रणाचीही माती होते. ‘बाजार, छान’ एवढं लिहून भागत नाही. ‘कॅसेट २, शॉट ७, म्हातारी वर बघते तिथे कापा’ असं लिहावं लागतं.

सुरुवातीच्या काळातल्या सुपर-८ या छोट्या फिल्मची शिस्तच वेगळी. एका काडतुसात (कॅमेऱ्यात बसवायच्या बंद डबीत) १५ मीटर फिल्म; सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेमनी) ती अडीच मिनिटांत संपते, १८ चौकटींनी ३ मिनिटं २० सेकंद पुरते. चार मिनिटांच्या माहितीपटासाठी तिप्पट चित्रण धरलं तर २४ च्या वेगाने पाच काडतुसं लागतात. ध्वनिपट्टी असलेल्या फिल्मवर आवाज चित्राच्या १८ चौकटी पुढे असतो. म्हणजे फिल्म थेट कापली की बोलणाऱ्याचा पहिला शब्द आधीच्या तुकड्याबरोबर जातो. उपाय साधा: कॅमेरा सुरू करून सेकंदभर थांबायचं, मगच प्रश्न विचारायचा. काडतूस उन्हात तापलं की रंग बिघडतात, हे वेगळंच.

नव्वदच्या दशकात हाय-८ ही व्हिडिओ टेप आली आणि दुखणं उलटलं. टेप स्वस्त, म्हणून पोरं तासन्‌तास चित्रण करू लागतात. मग चांगला शॉट ढिगात हरवतो. वातानुकूलित खोलीतून दमट हवेत कॅमेरा आणला की आत दव धरतं आणि यंत्र अडून बसतं. पिशवीत बंद ठेवून तो बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा, तोवर टेप घालू नये.

कार्यक्रम म्हणून गुणांचा भाग मला खटकतो. दर आठवड्याच्या निकालामुळे स्पर्धक चटकन कळणाऱ्या विषयांकडे वळतात: एक विचित्र धंदा, एक बोलका माणूस आणि शेवटी ठसकेबाज वाक्य. निवेदनही फार. चित्र जे दाखवतंय तेच पुन्हा सांगणारं. (संकलक दूर असल्याने शब्दांचा आधार घ्यावा लागतो, हे मान्य.) पण जिथे स्पर्धकाने निवेदन आवरून जागेचाच आवाज चालू ठेवलाय, ते तुकडे आजही ताजे वाटतात.

फ्रेंच येत नसेल तर परीक्षकांची चर्चा खुशाल पुढे पळवा. लघुपट मात्र आवाज बंद करून एकदा बघाच. कुठे कापलंय आणि कुठे कापायला हवं होतं, ते लगेच दिसतं.