नागपूरच्या उन्हात आंब्याची कलमं: कोणतं घ्यावं, कोणतं नर्सरीतच राहू द्यावं

अंगणात एकाच आंब्याची जागा असेल आणि अंगण नागपुरात असेल, तर आम्रपाली लावा. घाईत असाल तर एवढं वाचून थांबलात तरी चालेल. पुढचं सगळं ज्यांना हापूसचा मोह सुटत नाही त्यांच्यासाठी आहे.

मी मानेवाड्याकडे राहते आणि घरून डबे देते. आमचा कोपऱ्याचा प्लॉट, आणि बाजूचा रिकामा. त्याचे मालक पुण्यात असतात, आणि तिथे लोकांनी कचरा टाकण्यापेक्षा झाडं असलेली त्यांना परवडतात. दोन्हीकडे मिळून आम्रपाली, केशर, मल्लिका, हापूस, तोतापुरी आणि एक ‘लंगडा’ आहे. त्या शेवटच्या नावाला अवतरणचिन्हं का, ते पुढे सांगते. सगळी झाडं फळायला लागून काही हंगाम झाले, त्यामुळे हे मत पहिल्या आंब्याच्या कौतुकात लिहिलेलं नाही. माझी परीक्षा घरगुती आहे. झाड मे महिना काढतं का, आणि फळ पातेल्यात किती रस देतं?

आम्रपाली दोन्हींत पास. दशहरी आणि नीलम यांची ही लेक, दिल्लीच्या पुसा संस्थेत १९७० च्या दशकात तयार झालेली. मल्लिका तिची सख्खी बहीण, फक्त तिथे नीलम आई आणि दशहरी बाप. आम्रपालीचं झाड बुटकं राहतं, म्हणून बागायतदार ते अडीच-अडीच मीटरवरही लावतात. लेआउटमधल्या प्लॉटवर याहून मोठं सुख नाही, कारण फांदी शेजाऱ्याच्या स्लॅबवर जात नाही आणि भांडण होत नाही. दुसरं म्हणजे ही दरवर्षी फळते. हापूस, लंगडा, दशहरी एक वर्ष लगडतात आणि पुढच्या वर्षी नुसती पानं दाखवतात.

फळ लहान, मुठीत मावणारं. पिकल्यावरही सालीवर हिरवट छटा राहते, त्यामुळे पाहुणे आधी नाक मुरडतात. मग कापा. गर गडद केशरी, जवळजवळ लालसर, आणि कोय एवढी पातळ की पहिल्यांदा कापताना चाकू कुठे अडेल याचा अंदाजच येत नाही. कोयीपाशी नखाने खरवडलं तरी धागा हाताला लागत नाही. रस हाताने पिळावा आणि तसाच वाढावा, चाळणी नको, साखर नको. आमच्याकडे रसासोबत सरगुंडे, म्हणजे काडीवर गुंडाळून केलेल्या कणकेच्या नळ्या, लागतात, आणि त्यांच्यावर घातलेला रस खाली न वाहता धरून राहिला पाहिजे. आम्रपालीचा राहतो. कळमन्याच्या बाजारातून आणलेल्या बैगनफल्ली आंब्याचा वाहतो. बैगनफल्ली वाईट नाही, एप्रिलपासून आंध्र-तेलंगणातून भरभरून येते आणि डब्याच्या हिशोबात तीच बसते, पण तिच्या रसात वेलची टाकल्याशिवाय माझं समाधान होत नाही.

डब्याला एक मुलगा रत्नागिरीचा आहे. आंब्याचा विषय निघाला की तो आमच्याकडे जरा दयेने बघतो. त्याने आम्रपालीचा रस दोनदा मागून घेतला आणि म्हणाला, “काकू, वास कमी आहे.” वास खरंच कमी आहे. चवीत मात्र त्याला खोट काढता आली नाही.

आता दोष. आम्रपाली उशिरा तयार होते, जून संपता संपता किंवा जुलैत, म्हणजे नवतपा, मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, सरून पाऊस लागल्यावर. भर उन्हातून फळ वाचतं आणि पावसात फळमाशीच्या तावडीत सापडतं. वरून फळ ठणठणीत, सालीवर सुईच्या टोकाएवढा ठिपका, आणि आत अळ्या. औषध मारून माझं भागलं नाही. कैरी लिंबापेक्षा मोठी झाली की कागदी पिशवी बांधते आणि झाडाजवळ मिथाइल युजेनॉलचा सापळा टांगते. काम कंटाळवाणं आहे, पण झाड बुटकं असल्याने स्टुलावर उभं राहून होतं. पिशवीचा दुसरा उपयोग नंतर लक्षात आला. पश्चिमेकडच्या कैऱ्यांच्या खांद्यावर ऊन बसून जो तपकिरी, टणक डाग पडतो, तो पिशवीतल्या फळाला पडत नाही.

केशर दुसऱ्या क्रमांकावर, आणि वासाचा विचार केला तर पहिल्या. मूळ गाव जुनागढ, गिरनारचा पायथा. १९३४ साली तिथल्या नवाबांनी गराचा रंग बघून हे नाव दिलं असं सांगतात. कोरडी हवा तिला मानवते, मराठवाड्यात तिच्या बागा आहेत त्या उगाच नाहीत. माझ्याकडे ती मे अखेरीला पाडाला येते, म्हणजे पावसाच्या आत हातात. पण झाड पसरतं. दरवर्षी आंबे उतरवल्यावर छाटणी करावीच लागते, आणि छाटणीला उशीर केला तर पुढच्या मोहोरावर परिणाम दिसतो. जागा असेल तर आम्रपालीच्या जोडीला हीच घ्या.

मल्लिकेबद्दल लोक ‘पिठूळ लागते’ म्हणतात. त्यातल्या बहुतेकांनी ती लवकर कापलेली असते. फळ मोठं असतं, रंग बदलला की मोह होतो, आणि आत पिष्ट अजून साखर व्हायचं असतं. ती पूर्ण भरल्यावर हिरवीच उतरवायची आणि आढीत घालून विसरून जायचं, साल जरा सैल पडून सुरकुतेपर्यंत. इथे नागपूरची एक अडचण आहे. आढी घरातल्या सगळ्यात गार खोलीत लागते. पस्तीसच्या वर पारा गेला की आंबा धड पिकत नाही, साल पिवळी होते, गर कुठे मऊ कुठे कच्चा राहतो आणि चव उतरते. गच्चीवरच्या खोलीत घातलेली आढी म्हणूनच फसते. माझी आढी जिन्याखाली असते, कूलरचा वारा लागेल अशी, तणसाच्या थरात. एवढं केलंत तर फोडी करून खायला मल्लिकेइतका चांगला आंबा माझ्या अंगणात दुसरा नाही. रस मात्र हिचा करू नये, वाया जाते.

तोतापुरीवर फार लिहिण्यासारखं नाही. ऊन, वारा, दुर्लक्ष, सगळं सोसते. तिखट-मीठ लावून खायला, कैरीच्या तक्कूला आणि एप्रिलच्या वादळात पडलेल्या कैऱ्यांची आंबोशी करायला उत्तम. पिकली तर चव साधारण. घरात शाळकरी मुलं असतील तर लावा, पिकायला उरणारच नाही.

हापूस. झाड देखणं आहे, पान चकाकतं, मोहोरही येतो. फळं मोजकी धरतात, आणि जी धरतात ती एप्रिलच्या लूमध्ये गळतात. जी तग धरतात त्यांतली बरीच साक्याची निघतात. बाहेरून सोनेरी, वास असा की अख्ख्या घराला कळावं, आणि कापल्यावर कोयीभोवती पांढरट, पोकळ, आंबूस गर. साका कोकणातही असतो. तापलेल्या जमिनीची धग आणि झाडावरच फळाच्या आत कोयीची उगवायची सुरू झालेली तयारी, याच्याशी तो जोडला जातो. म्हणून तिकडे चौदा आणे झालेलं फळ उतरवतात, सोळा आण्यांची वाट बघत नाहीत. मीही तसंच करते, त्याने साका कमी झाला, संपला नाही. चाळीस-पंचेचाळीसच्या धगीत समुद्राकाठचं झाड यापेक्षा काय करणार? हापूस पेटीतला विकत घ्यावा. चव हापूसकडची हवी आणि झाडही हवंच असेल, तर रत्नाची चौकशी करा. नीलम आणि हापूसचा हा संकर वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून १९८१ साली आला आणि साका नसणं हाच त्याचा मोठा गुण मानतात. माझ्याकडे ते झाड नाही, म्हणून चवीचे गुण देत नाही.

आता तो ‘लंगडा’. नर्सरीचं नाव लिहीत नाही, पण पाटीवर मोठ्या अक्षरांत लंगडा, बनारसी, अस्सल असं होतं. खरा लंगडा पिकला तरी हिरवाच राहतो, त्याची हीच ओळख. आमच्या झाडाची पहिली फळं लांबट निघाली आणि आढीत छान पिवळी झाली. फोडी बऱ्या होत्या, दशहरीच्या वळणाच्या. फोटो घेऊन मी नर्सरीत गेले, तर माणूस शांतपणे म्हणाला, “ताई, हे तुमच्या मातीचं काम आहे जी.” मातीने आंब्याची जात बदलत असती, तर आमच्या काळ्या मातीत मी संत्र्याच्या झाडाला हापूस लावून घेतला असता. पैसे परत मागितले तर नवं रोप देऊ केलं, पाटीवर पुन्हा लंगडा. मी तोतापुरी मागून घेतली, तिची पानं आणि लांब कैरी ओळखता येते. या नर्सरीला रोपांच्या तब्येतीसाठी पाचपैकी चार, पाटीसाठी शून्य.

जाता जाता मियाझाकी. प्रदर्शनात लाल आंब्याचा फोटो लावून हजारो रुपयांना कलमं विकतात. मियाझाकी हा जपानमधला प्रांत. तिथे हरितगृहात आयर्विन नावाची, मूळ फ्लोरिडाची जात वाढवतात, प्रत्येक फळाला जाळी बांधतात, आणि आपोआप गळून जाळीत पडलेल्या फळांतून किमान ३५० ग्रॅम वजनाची, १५ ब्रिक्सच्या वरच्या गोडीची, रंग भरलेली तेवढी निवडून ‘सूर्याचं अंडं’ म्हणून विकतात. लाखाच्या भावाची जी बातमी येते, ती त्या निवडीची आणि लिलावाची आहे. तेच कलम इथे नागपुरात, बेसा भागातल्या प्लॉटवर लावून तशी किंमत येत नसते.

कोणतीही जात घेतलीत तरी पहिले दोन उन्हाळे निगा लागतेच. पश्चिमेच्या बाजूला हिरवी नेट बांधा. एप्रिलमध्ये फुटलेली तांबूस कोवळी पालवी एका दुपारच्या लूमध्ये कागदासारखी चुरते, आणि पुढची फूट यायला पाऊस लागतो. खोडाला चुना आणि मोरचूद लावा, नाहीतर दुपारच्या उन्हाची बाजू तडकते आणि त्या भेगेत कीड शिरते. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, आणि त्या भेगांत बारीक मुळं तुटतात, म्हणून आळ्यात सोयाबीनचं कुटार जाड पसरा. पाणी खोडाला नको, फांद्यांच्या सावलीच्या कडेने द्या. दिवाळीनंतर मोहोर दिसेपर्यंत पाणी आखडतं घ्या, आणि कैरी वाटाण्याएवढी झाली की पुन्हा सुरू करा, एकदम बदाबदा नको.

कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी आंब्याला घालायची आपल्याकडे फार सवय आहे. फुकटचं पाणी वाटतं. पण कूलर पाणी उडवतो आणि क्षार टाकीतच ठेवतो. बोअरचं पाणी असेल तर आठवड्याभरात त्या टाकीचं पाणी चक्क खारट होतं, कडेला पांढरा थर दिसतो तोच हा. आंब्याला क्षार सोसत नाहीत, पानांची टोकं आणि कडा तपकिरी होऊन वाळतात, आणि आपण म्हणतो ऊन लागलं. शेजारच्या काकांचं केशर असंच वर्षानुवर्षं कडा जाळत उभं होतं. ते पाणी त्यांनी अंगण धुवायला वळवलं, आणि पुढच्या पालवीपासून पानं अखंड राहिली.

खरेदी जुलैत करा, दोन चांगले पाऊस झाल्यावर. पाटी आणि फोटो बाजूला ठेवून जोड बघा. कलमाचा सांधा भरलेला हवा, वरची काडी आणि खालचं खोड साधारण एका जाडीचं, आणि सांध्याच्या खालून फूट आलेली नको. ती फूट कोयीच्या गावरान झाडाची असते, आणि ती वाढू दिली तर वरची जात मागे पडते. सांध्याची प्लॅस्टिकची पट्टी घरी आणल्यावर सोडवायला विसरू नका. सांधा मातीच्या वर राहील इतकंच खोल लावा, आणि पहिली दोन वर्षं मोहोर आला की खुडून टाका. उंच, लांबलचक रोप मोठं म्हणून घेऊ नका, पिशवीत मुळं गुंडाळलेली असतात. गुडघ्याएवढं, जाड खोडाचं रोप मला तीनशे-साडेतीनशेच्या घरात मिळालं. बिलावर जातीचं नाव लिहून घ्या. आणि दुचाकीवरून आणणार असाल तर शेंडा ओल्या पोत्यात गुंडाळा, वर्धा रोडच्या वाऱ्यात कोवळी पानं घरी पोचेपर्यंत माना टाकतात.